अंगठ्यांची मोजदाद आणि एल्जिन बेलर

१/२४
४ नोव्हेंबर १९७१ रोजी लॉस एंजलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाचे ३७ वर्षांचे खेळाडू एल्जिन बेलर यांनी निवृत्ती जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी संघ त्यांच्याविना मैदानात उतरला आणि जिंकला. त्यानंतर तो जिंकतच राहिला, सलग ३३ सामने. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेतील हा विक्रम आजही अबाधित आहे. त्याच हंगामाअखेर, मे १९७२ मध्ये, लेकर्सने अजिंक्यपदही पटकावले. त्या अजिंक्यपदासाठी बेलर यांनी १३ हंगाम खर्ची घातले होते.

२/२४
एनबीएत विजेत्या संघातील प्रत्येक खेळाडूला अंगठी दिली जाते. त्यामुळे ‘त्याच्याकडे अंगठ्या किती?’ हा खेळाडूची थोरवी ठरवणारा प्रश्न होऊन बसला आहे. हा प्रश्न आज इतका स्वाभाविक वाटतो, की तो पूर्वीपासून असाच विचारला जात असावा असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. या मोजमापालाही इतिहास आहे आणि तो समजून घेण्यासाठी बेलर यांच्यासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

३/२४
१९५८ साली लेकर्स संघ मिनिआपोलिस शहरात होता आणि त्याची अवस्था बिकट होती. १९५७-५८ च्या हंगामात ७२ पैकी अवघे १९ सामने त्याने जिंकले होते. या तळाच्या संघाने सिएटल विद्यापीठाच्या बेलर यांना सर्वप्रथम निवडले. पहिल्याच वर्षी बेलर सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरले आणि संघ थेट अंतिम मालिकेत पोहोचला. तेथे बोस्टन सेल्टिक्सने त्याला ४-० असे हरवले. बोस्टनशी पडलेली ही गाठ पुढे दशकभर सुटली नाही.

४/२४
बेलर सहा फूट पाच इंच उंचीचे होते. या खेळात ही उंची असामान्य नव्हे. असामान्य होते ते त्यांचे हवेतील खेळणे. उडी घेतल्यावर बचाव करणारा खाली येऊ लागे, तरी बेलर हवेतच दिशा बदलून चेंडू टाकीत. ज्युलियस अर्व्हिंग आणि मायकेल जॉर्डन यांच्या ज्या शैलीवर पुढे जग लुब्ध झाले, तिचा उगम अनेक जाणकार बेलर यांच्यापाशी शोधतात. नोव्हेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्यांनी ७१ गुण केले; तोवर एका सामन्यात इतके गुण कोणीही केले नव्हते.

५/२४
मैदानाबाहेरचा काळही ध्यानात घ्यायला हवा. जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्स्टन शहरी संघ सामन्यासाठी गेला असता, हॉटेलने बेलर आणि त्यांच्या दोन कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खोल्या नाकारल्या. नवख्या बेलर यांनी त्या सायंकाळी खेळण्यास नकार दिला आणि ते साध्या कपड्यांत बाकावर बसून राहिले. लेकर्स तो सामना हरले. अंगठ्यांच्या हिशोबात या सायंकाळची नोंद पराभव एवढीच होते.

६/२४
१९६०-६१ च्या हंगामापासून संघ लॉस एंजलिसला आला. पाठोपाठ १९६१-६२ चा विलक्षण हंगाम उजाडला. बेलर यांना लष्कराच्या राखीव दलातील सेवेसाठी वॉशिंग्टन राज्यातील फोर्ट लुईस येथे राहावे लागले. सुटी मिळेल तेव्हा, बहुधा आठवड्याच्या शेवटी, विमानाने यायचे, सामना खेळायचा आणि पुन्हा छावणीत परतायचे, असा क्रम चालला. संघाच्या ८० सामन्यांपैकी ४८ सामनेच त्यांना खेळता आले. त्यांत त्यांची सरासरी सामन्याला ३८.३ गुण होती.

७/२४
त्या वर्षी अंतिम मालिकेत पुन्हा बोस्टनशीच गाठ पडली. सात सामन्यांच्या या मालिकेत चार जिंकणारा विजेता ठरतो. पाचवा सामना बोस्टनच्या मैदानावर होता. बेलर यांनी ६१ गुण केले आणि २२ वेळा रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून उसळलेला चेंडू, मिळवला. समोर बिल रसेल होते, त्या काळचे सर्वश्रेष्ठ बचावपटू. अंतिम मालिकेतील एका सामन्यात ६१ हून अधिक गुण आजवर कोणालाही करता आलेले नाहीत. लेकर्स जिंकले आणि मालिकेत ३-२ असे पुढे गेले.

८/२४
सहावा सामना बोस्टनने जिंकला. १८ एप्रिल १९६२ रोजी सातवा सामना झाला. शेवटच्या मिनिटात लेकर्सच्या फ्रँक सेल्वी यांनी दोन बास्केट करून १००-१०० अशी बरोबरी साधली. काही सेकंद उरले असताना चेंडू पुन्हा सेल्वी यांच्याच हाती आला. बास्केट फार दूर नव्हते. फेक कड्याला लागून उसळली आणि रसेल यांनी चेंडू झडपला. जादा वेळेत बोस्टनने ११०-१०७ अशी बाजी मारली. बेलर यांचे ४१ गुण आणि रसेल यांचे ३० गुण व ४० रिबाउंड अशी त्या सामन्याची नोंद आहे.

९/२४
सेल्वी हे काही सामान्य नेमबाज नव्हते. १९५४ साली महाविद्यालयीन सामन्यात त्यांनी एकट्याने १०० गुण केले होते. तरी बहुतेकांच्या स्मरणात ते त्या एका हुकलेल्या फेकीमुळेच राहिले. ती फेक बोटभर आत पडली असती, तर बेलर विजेते म्हणून ओळखले गेले असते. त्यांच्या स्वतःच्या खेळात मात्र तिळमात्र फरक पडला नसता. सहकाऱ्याने टाकलेल्या एका चेंडूवर दुसऱ्याचे इतिहासातील स्थान ठरावे, ही या मोजमापाची पहिली अडचण.

१०/२४
पुढील यादी वाचताना तिचा एकसुरीपणाच बोलका वाटतो. १९५९, १९६२, १९६३, १९६५, १९६६, १९६८, १९६९ : सात अंतिम मालिका, साती बोस्टनविरुद्ध, साती पराभव. १९७० मध्ये बोस्टन वाटेतून दूर झाले, तर न्यूयॉर्क निक्सने सातव्या सामन्यात हरवले. बेलर यांच्या कारकिर्दीत लेकर्स आठ वेळा अंतिम मालिकेत पोहोचले आणि आठही वेळा रिकाम्या हाती परतले. १९६६ च्या सातव्या सामन्यात तर अंतर केवळ दोन गुणांचे होते.

११/२४
यांपैकी १९६५ ची अंतिम मालिका बेलर खेळूच शकले नाहीत. एप्रिलमध्ये बाल्टिमोरविरुद्ध उडी घेताना त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी वरच्या बाजूने तुटली. तो काळ आजच्या शस्त्रक्रियांचा नव्हे. कारकीर्द संपली, अशी भीती होती. ते परतले, पुढेही हंगामामागून हंगाम सामन्याला २४ हून अधिक गुण करीत राहिले. पण पूर्वीची ती झेप पुन्हा पुरती गवसली नाही. ‘आठ अंतिम मालिका, शून्य विजय’ असे लिहिताना ही वाटी कोणी हिशोबात धरीत नाही.

१२/२४
१९६९ चा पराभव सर्वांत जिव्हारी लागणारा. महान केंद्रपटू विल्ट चेंबरलेन एव्हाना लेकर्सकडे आले होते. सातवा सामना लॉस एंजलिसमध्येच होता. विजय गृहीत धरून मालकांनी सभागृहाच्या छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते. बोस्टनचा संघ वयस्क झाला होता आणि रसेल यांचा तो अखेरचा सामना होता. बोस्टनने १०८-१०६ असा विजय मिळवला. फुगे छतालाच राहिले.

१३/२४
अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला. तो मिळाला लेकर्सच्या जेरी वेस्ट यांना, म्हणजे हरलेल्या संघातील खेळाडूला. सातव्या सामन्यात त्यांनी ४२ गुण केले होते. त्यानंतर हा मान पराभूत संघातील कोणालाही मिळालेला नाही. ‘हरला, पण सर्वोत्तम तोच होता’ असे म्हणण्याची मोकळीक १९६९ साली होती. पुढे ती उरली नाही. २००९ मध्ये या पुरस्काराला बिल रसेल यांचे नाव देण्यात आले.

१४/२४
आता दुसरी बाजू. १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळवणारे रसेल केवळ नशीबवान होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांची सरासरी सामन्याला अवघी १५.१ गुणांची; चेंबरलेन यांची ३०.१. मात्र रसेल यांचे सामर्थ्य गुणफलकावर उमटणारे नव्हते. प्रतिस्पर्ध्याची फेक अडवताना चेंडू बाहेर न घालवता तो सहकाऱ्याच्या हाती पडेल असा वळवायचा, ही त्यांची खासियत. एका अडवणुकीतून संघाचे आक्रमण सुरू होई. पाच जणांच्या खेळात एकाचा प्रभाव किती खोलवर पोहोचतो, ते मोजायला अजिंक्यपदाखेरीज साधनही फारसे नव्हते.

१५/२४
याचा उत्तम पुरावा १९६१-६२ चाच. त्या हंगामात चेंबरलेन यांनी सामन्याला ५०.४ गुणांची सरासरी राखली आणि एका सामन्यात १०० गुण केले. सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसन यांनी गुण, रिबाउंड आणि गुणसाहाय्य अशा तिन्हींत दोन अंकी सरासरी गाठली. बेलर यांची कामगिरी वर आलीच आहे. तरीही हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले रसेल. तेव्हा हा कौल खुद्द खेळाडू देत असत. रोज समोरासमोर झुंजणाऱ्यांना रसेल यांचे मोल आकड्यांवाचूनही कळत होते.

१६/२४
म्हणून ‘अजिंक्यपदाला अर्थ नाही’ असा निष्कर्ष घाईचा ठरेल. अडचण वेगळी आहे. रसेल यांच्या सोबतीला बॉब कूझी, सॅम जोन्स, टॉम हाइनसन, जॉन हॅवलिचेक आणि अशी माणसे हेरणारे प्रशिक्षक रेड ऑरबाख होते. बेलर यांनी मनात आणले असते, तरी ते असा संघ निवडू शकले नसते. करार संपल्यावरही खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही, अशी तेव्हाच्या करारांत तरतूद होती. कोणाबरोबर खेळायचे हे मालक ठरवीत. हरण्याचा डाग मात्र खेळाडूच्या नावावर लागे.

१७/२४
शिवाय त्या काळी संघ थोडे होते. बेलर आले तेव्हा एनबीएत आठच संघ होते. आज तीस आहेत. यातून दोन परस्परविरोधी गोष्टी निघतात. संघ कमी, म्हणून अंतिम मालिकेचा मार्ग आखूड. आणि संघ कमी, म्हणून प्रत्येक संघात उत्तम खेळाडूंची गर्दी. एखादा बलाढ्य संघ तयार झाला, की इतरांची संपूर्ण पिढी त्याच्या सावलीत जाई. १९६२ ची अंगठी आणि २०१२ ची अंगठी ही म्हणूनच एकाच वजनाची नाणी नव्हेत.

१८/२४
या कैफियतीला आणखी एक पदर आहे. जानेवारी १९६४ मध्ये बोस्टनला ऑल-स्टार सामना होता आणि दूरचित्रवाणीवरून तो देशभर दाखवला जाणार होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात न उतरण्याचा निर्णय खेळाडूंनी घेतला. लेकर्सच्या मालकांनी बेलर आणि वेस्ट यांना धमकावणारा निरोप पाठवला. दोघेही हलले नाहीत. एरवी एकमेकांशी झुंजणारे रसेल, हाइनसन, रॉबर्टसन, वेस्ट आणि बेलर त्या खोलीत एकत्र होते. अखेर आयुक्तांनी शब्द दिला, तेव्हा सामना सुरू झाला.

१९/२४
पुढे १९७० साली रॉबर्टसन यांच्या नावाने खेळाडूंनी संघबंधनाविरुद्ध दावा लावला. १९७६ च्या तडजोडीने ते बंधन सैल होऊ लागले आणि १९८८ पासून अनुभवी खेळाडूला करार संपल्यावर मोकळेपणाने संघ निवडता येऊ लागला. आज तारे अजिंक्यपदासाठी संघ बदलतात, त्या स्वातंत्र्याची पायाभरणी या पिढीने केली. स्वतः बेलर यांना त्याचा उपयोग झाला नाही.

२०/२४
बेलर यांच्या समकालीनांनी त्यांना उणे लेखले का? पुरावा उलट सांगतो. दहा वेळा त्यांची हंगामातील सर्वोत्तम पाच जणांत निवड झाली. १९७७ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. १९८० साली एनबीएच्या ३५ व्या वर्षानिमित्त सर्वकालीन श्रेष्ठ ११ खेळाडू निवडले गेले. त्यांत रसेल, चेंबरलेन, वेस्ट, रॉबर्टसन यांच्या बरोबरीने बेलर होते. विजेत्या संघातून अंतिम मालिका एकदाही न खेळलेल्या माणसाला अकरांत बसवताना तेव्हा कोणाला संकोच वाटला नाही.

२१/२४
मोजमाप कडक झाले ते जॉर्डन यांच्या काळात. १९८० च्या दशकात त्यांच्यावर आक्षेप असे, की एवढे गुण करणारा खेळाडू संघाला जिंकून देत नाही. १९९१ मध्ये शिकागो बुल्सने लेकर्सला हरवले आणि हा आक्षेप निकालात निघाला. १९९८ पर्यंत सहा अंतिम मालिका, सहा विजय आणि साही वेळा मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान. उपग्रह वाहिन्या आणि जाहिरातींनी ही कथा जगभर पोहोचवली. एक माणूस, सहा अंगठ्या : इतके सुटसुटीत समीकरण त्याआधी कोणी मांडले नव्हते.

२२/२४
त्याची किंमत जॉर्डन यांच्या समकालीनांनी मोजली. चार्ल्स बार्कली, कार्ल मलोन, जॉन स्टॉकटन, पॅट्रिक युइंग हे सारे थोर खेळाडू; पण त्यांच्या नावामागे ‘अंगठी नाही’ हे शेपूट कायमचे लागले. मलोन तर कारकिर्दीच्या अखेरीस, २००३ मध्ये, अंगठीच्या आशेने लेकर्सकडे गेले आणि २००४ ची अंतिम मालिकाही हरले. लेब्रॉन जेम्स यांनी २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून मायामीची वाट धरली, तीही याच दडपणाखाली.

२३/२४
मजेची गोष्ट अशी, की हे मोजमाप कोणीच पूर्णपणे पाळत नाही. रॉबर्ट होरी यांच्याकडे सात अंगठ्या आहेत, जॉर्डन यांच्याहून एक जास्त. त्यांना जॉर्डन यांच्याहून श्रेष्ठ कोणी म्हणत नाही. केव्हिन ड्युरंट यांनी २०१७ आणि २०१८ ची अजिंक्यपदे जिंकली, तर ते आधीच बलाढ्य असलेल्या गोल्डन स्टेट संघात गेले म्हणून त्यांचे श्रेय कापले गेले. उलट, १-३ अशा पिछाडीवरून २०१६ मध्ये जेम्स यांनी क्लीव्हलँडला मिळवून दिलेले एकच अजिंक्यपद अनेकांना मायामीतील दोहोंपेक्षा जड वाटते. म्हणजे लोक अंगठ्या मोजतात खरे, पण मोजताना प्रत्येक अंगठीची कथाही विचारतात. मग ज्याच्यापाशी अंगठी नाही, त्याची कथा विचारायला काय हरकत आहे?

२४/२४
१९७२ च्या विजयानंतर लेकर्सने बेलर यांनाही एक अंगठी दिली. त्या हंगामात ते नऊ सामने खेळले होते. म्हणजे अंगठी त्यांना मिळाली, पण मैदानावरच्या अजिंक्यपदांच्या हिशोबात त्यांच्या नावापुढे आजही शून्यच धरले जाते. २०१८ मध्ये लॉस एंजलिसच्या सभागृहाबाहेर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. चेंडू हाती घेऊन बास्केटकडे झेपावलेले बेलर त्यात दिसतात. २२ मार्च २०२१ रोजी ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंतिम मालिकेतील ६१ गुणांचा त्यांचा विक्रम तेव्हाही कायम होता आणि आजही आहे.
(धागा समाप्त)